जॉब मापात येईपर्यंत

कार्यशाळेत काम घट्ट धरणारे चोवीस व्हाइस होते, तेवीस मुलं आणि एक मुलगी. प्रत्येकापुढे जॉब म्हणून एक पोलादी ठोकळा आणि एक कानस. चार वाजता परीक्षक यायचे होते. तोवर ठोकळा सगळ्या बाजूंनी घासून पन्नास मिलिमीटरच्या मापात आणायचा होता.

मुलीची परीक्षेची ही तिसरी खेप. चौथी मिळत नाही. हातातलं काम हिच्याने कधी संपतच नाही म्हणून मुलं तिला आजीबाई म्हणायची. नव्या निदेशिका बाई भौतिकशास्त्र शिकून आलेल्या. त्यांना ही थट्टा आवडत नसे, पण आज त्यांनाही धीर निघेना. तेवीस ठोकळे मेजावर जमा झाले होते. हिची शेवटची बाजू दीड तास घासूनही पन्नास पूर्णांक बेचाळीस शतांशच भरत होती.

घासताना ती ठोकळा सारखी हाताने पुसत होती. घाम लागला की कानस घसरते, असं बाईंनी तिला दोनदा रागावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा पुसला.

पण कानस घसरत नव्हती. व्हाइसखाली कीस साठत होता. बाईंनी तो कागदावर गोळा करून तोलला. सोळा ग्रॅम. खरं तर आठ ग्रॅममध्येच काम उरकायला हवं होतं. ठोकळा तापून फुगला असेल म्हणून त्यांनी तो पाण्यात गार केला, कोरडा करून मोजला. बेचाळीसच. वजनही ही बाजू घासायला घेण्याआधीच्या नोंदीइतकं.

त्यांनी स्टोअरमधून चुंबक आणला. सुई हरवली की काय, असं स्टोअरच्या काकांनी विचारलं तेव्हा त्या हसल्यासुद्धा.

चुंबक किसावरून दोनदा फिरवला. एक कण हलला नाही. कीस पांढुरका होता आणि अजून कोमट.

"थांब जरा," बाई म्हणाल्या.

"आता नका ना थांबवू, मॅडम. आत्ता कुठे हात बसलाय."

"दुखतंय का कुठे?"

"छे."

बाहेर परीक्षकांची गाडी येऊन थांबली. कानशीचा आवाज बारीक होत गेला.

मग बंद झाला.

"आलं बघा मापात," ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला होता.

ठोकळा व्हाइसमध्येच होता. तिने डावा हात पुढे केला.

बाईंनी लहान मायक्रोमीटर उचलला आणि तिच्या सपाट, गुळगुळीत झालेल्या अंगठ्याला लावला. पाच ठिकाणी मोजलं.

पाचही ठिकाणी अठरा पूर्णांक शून्य शून्य मिलिमीटर.