हद्दीबाहेरचे आबा

त्या मे महिन्यात सुनीतीच्या घरात भांडणाचा विषय एकच होता: आबांना पहाडात न्यायचं की नाही. तिचे वडील ढुंढिराज, म्हणजे आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अकरा वर्षांपूर्वी बायको गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही आणि मरायचं ते इथेच, एवढाच त्याचा अर्थ. लखनौच्या लग्नाला नाही, भाच्याच्या मुलाच्या मुंजीलाही नाही. मंगलागौरीजवळचं घर, पंचगंगा घाट, बस्स.

पण पारा सत्तेचाळिसावर गेला, वीज दिवसदिवस गुल होऊ लागली आणि आबा चक्कर येऊन जिन्यात पडले. भुवईवर चांगली दोन बोटांची खोक पडली. सुनीतीचा नवरा निनाद, त्याला तंबू ठोकून राहायचं वेड. त्याची गाडी आधीच भरलेली. सुनीती हट्टाला पेटली.

"पंधरा दिवस फक्त, आबा. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"काही होत नाही. मी आहे ना."

आबा निमूट गाडीत जाऊन बसले. लेकीपुढे भल्याभल्यांचं चालत नाही, तिथे आबांची काय कथा!

तिसऱ्या दिवशी उत्तराखंडात ग्वालदमचा घाट उतरून ते पिंडर नदीच्या काठी पोहोचले. हिरवट, बर्फाचं पाणी, चीड-पाइनच्या झाडांचा वास आणि गोट्यांवरून वाहणारा अखंड आवाज. निनादने दोन तंबू ठोकले, स्टोव्हवर खिचडी टाकली. जूनच्या तोंडावर मफलर गुंडाळायला मिळाला म्हणून आबा हसले. सुनीती भरून पावली.

फोनला रेंज यायची ती वर रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर चढली, तर शेजारच्या शरदिनीकाकूंचा फोन आला.

"अगं, एवढ्यात लौटून पण आलात? आत्ता आबा घाटावर दिसले. नहाऊन वर येत होते."

सुनीती खदखदून हसली. खाली खुर्चीत बसून आबा नदी बघत होते. "काकू, चष्मा बदला आता."

त्या दिवशी संध्या करताना आबा मध्येच थांबले. "पुढचं येत नाही," म्हणाले. पन्नास वर्षं मुलांना शिकवलेले मंत्र. खिचडीलाही त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या सकाळी काकू पुन्हा. "आज बोलले गं माझ्याशी. म्हणाले, लेक पहाडात गेलीये, करमत नाही. पण तबियत एकदम बढिया!"

सुनीतीने निनादला वर बोलावून सांगितलं. निनाद वैतागला. "फोटो मागव. सोक्षमोक्ष लागेल."

फोटो आला. घाटाच्या पायऱ्या, ओलं धोतर, हसणारे आबा. भुवईवरची खोक भरून आलेली, खपलीसुद्धा उरलेली नव्हती. निनादने फोटो दोनदा मोठा करून पाहिला. मग तो खाली गेला आणि आबांची पट्टी सोडून बघितली. जखम अजून ओली होती.

पट्टी पुन्हा बांधून तो तंबू काढायला लागला.

परतीच्या वाटेवर रुद्रपूरच्या ढाब्यावर तिघे बसले, तर वेटरने पाण्याचे दोनच ग्लास ठेवले. "तीन," निनाद म्हणाला. वेटरने तिसरा आणून, आबांपुढे नाही, तर टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

आबांना गाडीत बसवताना निनादने त्यांना उचललं आणि दचकून सुनीतीकडे पाहिलं. नुसत्या पांघरुणाचं असावं तेवढं वजन होतं.

हे सगळं आपण केलं. सुनीतीच्या मनात दुसरं काही येईना. कसंही करून त्यांना जिवंतपणी हद्दीच्या आत न्यायचं, मग देव काय शिक्षा देईल ती देवो.

सुलतानपूरला सकाळी फोन वाजला. काकू रडत होत्या.

"आबा गेले गं, सुनीती. नहाऊन आले, देवापुढे बसले आणि गेले. काशीत गेले, सोनं झालं."

सुनीतीने मागे वळून पाहिलं. आबा खिडकीतून बाहेर बघत होते.

काशीत पोहोचल्यावर मैदागिनच्या चौकात गाडी लावून निनादने त्यांना पाठीवर घेतलं. गल्लीत कुणीही "का भइल, गुरु?" म्हणून काय झालं ते विचारलं नाही. बनारसच्या गल्लीत असं कधी होत नाही.

घरात माणसं जमली होती. जमिनीवर आबा होते, ओठांवर तुळशीपत्र. सुनीतीने भुवईवर बोट फिरवलं. तेच होते.

दारात निनाद उभा होता, पाठीवर आबा. लोकांनी त्याला आत यायला वाट दिली, एकट्या माणसाला देतात तेवढी.

मणिकर्णिकेवर अग्नी निनादनेच दिला. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. "पूर्ण तृप्त गेले," गुरुजी म्हणाले, "कसली म्हणून इच्छा मागे राहिली नाही."

आता दिवाळी होऊन गेली. मागच्या खोलीत, गंगेवरच्या खिडकीपाशी, आबा बसलेले असतात. खात नाहीत, झोपत नाहीत, थकतही नाहीत. काकू आल्या की आपली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवतात आणि सुनीतीशी गप्पा मारतात.

संध्याकाळी घाटावर घंटा सुरू झाल्या की ते विचारतात, "सुनी, काशीला कधी निघायचं?"

आधी ती हात धरून त्यांना खिडकीतून सगळं दाखवायची. पायऱ्या, नावा, समोरची वाळू. ते बघायचे आणि परक्या घरी बोलावं तसं अदबीने म्हणायचे, "नदी छान आहे. पण आमची ही नव्हे."

आता ती दाखवत नाही. "उद्या, आबा," एवढंच म्हणते.

"बरं," म्हणून ते पायांत चपला घालतात आणि सकाळपर्यंत तसेच बसून राहतात.