कुंभारणीचा जोडभाव

साताऱ्यात तेव्हा लोक एकमेकांना नावाआधी पायरी विचारत. मुलगी बघायला आलेले पाहुणेही पोह्यांना हात लावण्याआधी तेच विचारत. कस्तुरी भोईटेची पायरी होती ‘ड’, म्हणजे सगळ्यांत खालची. हे सांगताना तिचा आवाज कधी खाली गेला नाही, पण आतून राग यायचाच.

या खुळाची सुरुवात झाली एका खेळातून. ‘रणधुमाळी’ हा पडद्यावरच्या कुस्तीचा खेळ. त्यात पात्रं पुष्कळ, आणि प्रत्येकाचे डावपेच निराळे. कुठलं पात्र भारी, यावरून खेळाडूंची पूर्वी हमरीतुमरी चाले. सारख्याच तयारीच्या दोन खेळाडूंनी दहा कुस्त्या खेळल्या, तर अमुक पात्र तमुक पात्रावर किती जिंकेल? या आकड्याला ते जोडभाव म्हणत. सहा-चार म्हणजे थोडं वरचढ, आठ-दोन म्हणजे समोरच्याने घरी जावं. सगळ्यांविरुद्धचे जोडभाव एकत्र केले, की पात्राची पायरी ठरे. पण खेळाडूच पंच असल्यामुळे स्वतःच्या पात्राला जो तो दुबळं म्हणे आणि हरलं की पायरीवर खापर फोडे.

मग डॉ. यमुना टिळेकरांनी तोलयंत्र बांधलं. ते प्रत्येक जोडी स्वतःशीच कोट्यवधी वेळा खेळवून जोडभाव काढी. यादी आली आणि भांडणं मिटली: वर गरुडवीर, तळाला कुंभारीण. एवढं सोपं काम पाहून तोलमंडळ नावाची संस्था निघाली आणि तिने माणसांनाही त्याच यंत्रात घातलं. शाळा, नोकरी, परवाना, सगळं पायरीवर ठरू लागलं.

कस्तुरीने हट्टाने कुंभारीण धरली. तळाच्या माणसाने तळाचं पात्र घेऊन जिंकून दाखवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. दुसरं कारणही होतं. राज्यस्पर्धेच्या विजेत्याची पायरी ‘ब’ होई, आणि ‘ब’शिवाय खेळाची तालीम काढायला परवाना मिळत नसे. तिला तालीम काढायची होती.

आज ती अंतिम फेरीत होती. समोर ‘अ’ पायरीचा निहार शेंबेकर, गरुडवीर घेऊन. तीन डावांपैकी पहिला कस्तुरीने कुंभारणीच्या मडक्यांचा असा काही मारा करून घेतला की सभागृह उभं राहिलं. आणखी एक डाव, की झालं. मधल्या सुट्टीत ती पाणी पीत होती, तेवढ्यात डॉ. टिळेकर मागच्या खोलीत आल्या.

“कस्तुरी, उद्या मंडळ एक गोष्ट जाहीर करणार आहे. तुला ती दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आले. खेळाची यादी खोटी आहे.”

“म्हंजे यंत्र चुकलं?”

“यंत्र बरोबर होतं. आम्ही छापताना पहिलं आणि शेवटचं नाव आपसात बदललं. यादीमुळे माणसं तशी खेळतात का, ते बघायचं होतं.”

“आणि इतकी वर्षं कुणालाच कळलं नाही?”

“कसं कळणार? गरुडवीर वर दिसला, म्हणून चांगल्या खेळाडूंनी तो घेतला, त्याच्यावर मेहनत केली, नवे डाव शोधले. कुंभारीण नवशिक्यांच्या हाती राहिली. निकाल यादीसारखेच लागत गेले.”

“मग कुंभारीण...”

“सगळ्यांत भारी. गरुडवीरशी तिचा जोडभाव आठ-दोन आहे.”

कस्तुरीने हातातलं पाणी खाली ठेवलं. इतकी वर्षं आपण चढावर सायकल मारतोय असं समजत होतो आणि रस्ता उताराचा निघाला. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. गप्प राहून एक डाव जिंकला तर परवाना हातात होता. पण तो कुणी जिंकला असता? कुंभारणीनं.

“मॅडम, डाव जिंकणाऱ्याला पुढच्या डावात पात्र बदलता येत नाही ना?”

“नाही. बदलण्याचा हक्क हरणाऱ्याचा. तो नियम तुम्हा खेळाडूंचाच.”

“ठीक आहे,” म्हणून ती उठली.

दुसऱ्या डावात कुंभारीण नुसती उभी राहिली. गरुडवीरने तिला झोडपलं, लोकांनी हुर्यो केली. निहार आता जिंकलेला, म्हणजे गरुडवीरला बांधलेला. हरलेल्या कस्तुरीने पात्र बदललं आणि तिनेही गरुडवीरच घेतला. “आली शेवटी शुद्धीवर!” कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. तिने लक्ष दिलं नाही. एकच पात्र एकमेकांसमोर आलं की जोडभाव पाच-पाच. यादी खरी असो की खोटी, उरतात फक्त दोन माणसं.

तो डाव लांबला. कस्तुरीची बोटं दुखून आली. निहारच्या गरुडवीरचे सगळे डाव ती त्याच्याविरुद्ध लढूनच शिकली होती, ते तिने एकेक करून त्याच्यावर उलटवले. शेवटची झेप तिची बसली. ती जिंकली, आणि लहान पोरीसारखी नाचली.

“बघितलंत मॅडम? ‘ड’नं ‘अ’ला पाडलं. यात कुंभारीण नव्हती.”

डॉ. टिळेकरांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला नाही. कस्तुरी नाचायची थांबली.

“मॅडम, माणसांच्या यादीतबी अदलाबदल केलीय?”

“केली आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाकुणाची, ते मंडळाने मलाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर प्रयोग फसतो, आणि तो अजून चालू आहे.”

अभिनंदन करायला आलेला निहार मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पुढे केलेला हात तसाच राहिला.

“मॅडम, माझी पायरी तरी खरी आहे ना?”

कस्तुरीला त्याची दया आली. तिला निदान चिडायची सवय होती, त्याला तीही नव्हती. तिने त्याचा हात धरला.

“मी तालीम काढणार आहे. परवाना दिला तर ठीक, नाही दिला तरी काढणार. भिंतीवर यादी लावणार नाही. येतोस?”

निहारने मान डोलावली. दारापर्यंत तो तिच्याबरोबर आला आणि मग हळूच म्हणाला, “ताई, तिथं माझी पायरी कुठली असेल?”