तिसरं कुलूप

हे ऐकीव नाही. आमच्या दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि दाजी म्हणजे भुताचं नाव काढलं की हसणारे इलेक्ट्रिशियन.

सोमवारची भर दुपार. पावाचा कारखाना. पीठ मळायचं मोठं यंत्र बंद पडलं होतं. त्याच्या पिंपात माणूस सहज उतरेल.

दाजींनी मेन स्विच पाडला आणि त्यावर आपलं कुलूप लावलं. सोबतच्या फिटरनं त्याचं लावलं. आत उतरणाऱ्या प्रत्येकाचं एक कुलूप, किल्ली ज्याची त्याच्या खिशात. बाहेर आलेल्यानंच आपलं काढायचं. तोवर वीज चालू होत नाही.

चालू करायचं बटण दाबून पाहिलं. यंत्र गप्प. मग दोघं उतरले.

काम आटोपून वर आले, तर स्विचवर कुलपं...

तीन.

दाजी फिटरवर खेकसले. मॅनेजर डोक्यावर बसला होता. संध्याकाळपर्यंत यंत्र फिरलं नाही तर काम दुसऱ्याला देणार होता. ही काय थट्टेची वेळ? फिटरनं कानावर हात ठेवले आणि आपलं कुलूप काढून घेतलं.

उरली दोन. दोन्ही लाल. दोन्हींवर दाजींच्या लेकीनं नेलपॉलिशनं काढलेलं तेच वाकडं फूल.

दाजींची किल्ली दोन्हींत फिरली.

त्यांनी हात मागे घेतला. पिंपात वाकून हाक मारली, "आत कोण आहे?"

आतून वैतागलेला आवाज आला...

"झालं, आलोच."

आवाज दाजींचाच.

बॅटरी मारली. पिंप रिकामं. पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर.

"अहो, तुम्हीच तर बोलताय," मॅनेजर म्हणाला.

दाजींनी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. पण स्वतःच्याच आवाजाविरुद्ध माणूस साक्ष कशी देणार? शेवटी त्यांनी कुलपं काढायला साफ नकार दिला. काम गेलं. दाजी चरफडत घरी आले.

रात्री जेवायच्या वेळी फिटरचा फोन आला. नव्या माणसानं दोन्ही कुलपं कापली होती. यंत्र सुरू झालं, आत काहीच निघालं नाही.

दाजींनी फोन ठेवला. ताईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "हात धुतलेत का? या जेवायला."

दाजी टेबलाशीच बसले होते. तोंड उघडणार, एवढ्यात बंद न्हाणीघरातून...

"झालं, आलोच."

त्या घरात आता कोणी कोणाला हाक मारत नाही. स्वयंपाक झाला की ताई जवळ येऊन दाजींच्या खांद्याला हात लावते.

आधी हात लावते. मगच ताट वाढते.