गार्डसाहेबांनी जागा सोडली

“गार्डसाहेब, तुम्ही माझा पाठलाग करता का?”

विचारलं! चक्क विचारलं! सिस्टरबाईंनी हँडल घट्ट धरून, डोळे मिटून, एका दमात विचारून टाकलं. पुलाच्या कठड्याला सायकली टेकवून उभ्या असलेल्या पोस्टबाई आणि बँकबाईंनी एकमेकींचे दंड आवळले. पैज त्यांनीच लावली होती ना! “महिना झाला, तो माणूस तुझ्या मागच्या चाकाला चिकटलाय. हिंमत असेल तर विचार तोंडावर,” असं पोस्टबाई म्हणाल्या होत्या. आणि सिस्टरबाईंना कुणी हिमतीवरून डिवचलं की संपलंच.

गार्डसाहेब पाणी पीत होते. त्यांनी घोट संपवला. बाटलीचं झाकण लावलं. सावकाश... नीट फिरवून...

“हो,” ते म्हणाले.

हो?!

छत्तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाई त्या! ऑपरेशनच्या खोलीत भल्याभल्या डॉक्टरांना घाम फुटला तरी ह्यांचा हात हलला नव्हता. निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्या वॉर्डानं उसासा टाकला होता, अर्धा दुःखाचा आणि अर्धा सुटकेचा. पण त्या एका अक्षरानं त्यांचे मिटलेले डोळे खाडकन उघडले.

“हो म्हणजे... का?”

“आपल्या मंडळात सगळ्यात शेवटी कोण असतं?”

“मी. गुडघे दुखतात माझे.”

“मग तुमच्या मागे कोण असणार? मी. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलोय, बाई. सगळे डबे सोबत आहेत ना, कुणी सुटून मागे राहिलं नाही ना, हे बघायचं. सवय आहे, जात नाही.”

“म्हणजे मी डबा?”

“शेवटचा,” गार्डसाहेब अगदी आदरानं म्हणाले, आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली. पेन्शनर पेडल मंडळाच्या आठ सायकली परत निघाल्या.

बँकबाई हसून हसून साखळीत पदर अडकवायच्या बेतात होत्या. सिस्टरबाईंना मात्र हसू येईना. त्यांना दुसराच धक्का बसला होता. तो माणूस पाठलाग करत नव्हता, ही तर चांगली गोष्ट. मग आपल्याला वाईट का वाटतंय? एकोणसाठाव्या वर्षी? अगं बाई!

घरी आल्या तर दारातच आई. वय एक्याऐंशी, कंबरेवर हात.

“छकुली, किती गं हा उशीर! पायमोजे ओले झाले का? बघू.”

“आई, मी मेट्रन होते.”

“असशील. पाय दाखव.”

बाबा खिडकीपाशी काज करत बसले होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्यातला शिंपी काही निवृत्त झाला नव्हता. मागच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे छतापर्यंत. पुढच्या खोलीत लेक आणि आईची औषधं. असं हे तिघांचं घर. सिस्टरबाई एकुलत्या एक. तरुणपणी तीन स्थळं आली होती, तिन्ही चांगली. पण लग्न म्हणजे दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी जायचं, आणि ह्या दोघांकडे कोण बघणार? तिन्ही वेळा त्यांनीच दार लावून घेतलं होतं. कडी इतकी गंजली होती की तिथे दार आहे, हेच त्या विसरून गेल्या होत्या. आणि आज एका ‘हो’नं ती कडी किरकिरली...

दुसऱ्या दिवशी पुलावर गार्डसाहेब पाना घेऊन हजर.

“उतरा. सीट बघू तुमची. फारच खाली आहे. बेडकासारखे गुडघे दुमडता तुम्ही, मग दुखणार नाहीत तर काय?”

“महिनाभर मागून बेडूक बघत होतात, तर आधीच सांगायचंत की!”

“बाईमाणसाला असं कसं सांगणार...” गार्डसाहेबांचे कान लाल झाले. खाली बसून त्यांनी नट सैल केला, सीट चार बोटं वर घेतली, पुन्हा आवळला. रुमालानं सीटवरचं दव पुसलं. हिरवा रुमाल. खिशात एक लाल रुमालही होता, पण तो कधी कुणी बाहेर आलेला पाहिला नव्हता.

सिस्टरबाईंनी पेडल मारलं, आणि बाई गं! पाय सरळ झाला! सायकल अशी सुळकन पळाली, जणू कुणी इतके दिवस तिचे कान धरून ठेवले होते.

“आता मी शेवटची राहणार नाही हं,” त्या ओरडल्या. “मग तुम्ही काय करणार?”

“जो शेवटी असेल त्याच्या मागे! ड्यूटी म्हणजे ड्यूटी!”

असं काय? सिस्टरबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. आता कळेलच. हा माणूस शेवटच्या डब्याच्या मागे असतो... की माझ्या?

दोन आठवडे त्यांनी एकट्यानं सराव केला, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. मग आला तो रविवार. बारीक भुरभुर होती, रस्ता आरशासारखा चमकत होता. शिट्टी झाली आणि सिस्टरबाई सुटल्या! बँकबाई मागे पडल्या. पोस्टबाई “अगं ए, औषध काय घेतलंस?” म्हणून ओरडल्या, त्याही मागे पडल्या. चढावर ऊर धपापू लागला, चष्म्यावर थेंब, केस कपाळाला चिकटलेले. पण मागे बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बघितलं आणि मागे कुणीच नसलं तर?

टाकीपाशी पोहोचून त्यांनी ब्रेक दाबला. श्वास घेतला. वळल्या.

हातभर अंतरावर गार्डसाहेब! भिजलेले, धापा टाकत, आणि... हसत.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. किती वेळ, कुणी मोजलंय? एकेक करत बाकीचे वर आले.

“सात,” पोस्टबाईंनी मोजलं. “आठवं कोण? गार्डसाहेब, मागे कोण होतं?”

गार्डसाहेबांचं हसू गळून पडलं. त्यांनी मागे पाहिलं. रस्ता रिकामा. चेहरा असा झाला, जणू आख्खी मालगाडी हरवली.

“कंपाउंडर...” ते पुटपुटले.

बाप रे! सगळे उतारावरून उलटे पळाले. दोन वळणं खाली मैलाच्या दगडावर मंडळाचे आठवे गडी कंपाउंडरकाका बसले होते. साखळी तुटलेली, हात काळे, मिशीतून पाणी गळतंय.

“या, या!” ते कडाडले. “अर्धा तास बोंबलतोय! अहो, चौतीस वर्षं गार्ड होतात की डब्यात झोपा काढत होतात?”

कुणी हसलं नाही. कारण गार्डसाहेबांनी गळ्यातली शिट्टी काढली होती आणि ती पोस्टबाईंच्या हातावर ठेवली होती.

“माझा राजीनामा. चौतीस वर्षांत एकदाही जागा सोडली नव्हती मी. आज सोडली... आणि मला कळलंसुद्धा नाही.”

पोस्टबाईंनी शिट्टीकडे पाहिलं. मग सिस्टरबाईंकडे. मग पुन्हा शिट्टीकडे. त्यांचा जबडा हळूहळू खाली आला.

“अय्या,” बँकबाई म्हणाल्या.

“मला कुणी सांगेल का काय चाललंय?” कंपाउंडरकाका ओरडले.

“तुम्ही चला हो!” पोस्टबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि फुर्रर्र शिट्टी वाजवली. सगळे पांगले. दोन सायकली मागे राहिल्या, हातात धरून चालवत.

“तर गार्डसाहेब,” सिस्टरबाई म्हणाल्या. आवाज हुकमी काढायचा होता, निघाला भलताच मऊ. “पुन्हा विचारते. तुम्ही माझा पाठलाग करता का?”

“हो.”

“ह्या वेळी ड्यूटी म्हणायची नाही.”

“नाही म्हणत. ड्यूटी तिकडे दगडावर बसली होती...” त्यांनी हिरवा रुमाल काढला, सिस्टरबाईंपुढे धरला. “चष्मा पुसा. बाई, बायको जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी फक्त मागे काय राहिलं तेच बघत होतो. आज पहिल्यांदा पुढे बघितलं.”

भुरभुर थांबली होती. फांदीवरून एक थेंब टपकन सिस्टरबाईंच्या नाकावर पडला, तोही त्यांना कळला नाही.

“मी घर सोडून येणार नाही,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “आई-बाबा आहेत. मला नाही जमणार. आधीच सांगते.”

गार्डसाहेब थांबले. सिस्टरबाईंनी हँडल घट्ट धरलं. झालं. लागली कडी पुन्हा...

“तुमच्या घराला मागची खोली आहे का हो?” त्यांनी विचारलं. “मला मागे राहायची सवय आहे.”

सिस्टरबाई घरी पोहोचल्या तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. दारात आई, कंबरेवर हात. “छकुली! भिजलीस ना? पाय दाखव.”

आज त्यांनी पाय दाखवले नाहीत. सरळ आत गेल्या, मागच्या खोलीचं दार सताड उघडलं, आणि चोळीच्या खणांचा एक गठ्ठा उचलून बाहेर आणून ठेवला. बाबांच्या हातातली सुई हवेतच राहिली.

“बाबा, मशीन पुढच्या खोलीत आणू या, खिडकीपाशी. उजेडही चांगला आहे. मागची खोली रिकामी हवीय.”

“अगं पण का? कोण येतंय?” आईनं विचारलं.

सिस्टरबाईंनी हिरवा रुमाल काढून ऐटीत चष्मा पुसला.

“नवरा येतोय,” त्या म्हणाल्या. “माझा.”