इस्त्री केलेला बर्फ

मी स्केटिंगच्या रिंकमधल्या बर्फावर पाऊल टाकणार, एवढ्यात मागून आवाज आला, "आज तरी पाच मिनिटं थांबा. पाणी गोठू द्या."

वळून पाहिलं तर तो उभा होता — बर्फावर पाणी फिरवून तो सपाट करणारं अवजड यंत्र चालवणारा. त्याच्या यंत्रामागून बर्फ इतका गुळगुळीत निघायचा, की आम्ही मुली त्याला इस्त्रीवाला म्हणायचो. 'आज तरी' म्हणजे काय, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. तो म्हणाला, "रोज सकाळी मी यंत्र आत लावून येईपर्यंत तुमच्या रेघा उमटलेल्या असतात."

पण इतक्या लवकर मी आजच पहिल्यांदा आले होते.

त्याने नुसतं बोट दाखवलं. ओल्या, चकाकत्या बर्फावर स्केटच्या पात्याच्या बारीक रेघा होत्या... एकाच माणसाच्या. माझ्या अंगावर काटा आला. इथल्या सगळ्या डावीकडे गिरकी घेतात, एकटी मी उजवीकडे. या रेघा उजवीकडे वळत होत्या. आमच्या प्रशिक्षक ताईंनी काल संध्याकाळी बसवून दिलेली नवी गिरकीसुद्धा त्यात होती.

मग मी रोजच लवकर जाऊ लागले. रेघा बघायला जाते, असं ताईंना सांगितलं. रेघा बघायला जाताना केस इतके नीट कोण विंचरतं, असं त्या म्हणाल्या.

तो थर्मासच्या झाकणात मला कॉफी द्यायचा. कठड्यालगतच्या बाकावर आम्ही बसून राहायचो — गुडघ्याला गुडघा लागेल न लागेल एवढ्या अंतरावर. बर्फावर कधीच कुणी दिसलं नाही. एकदा पापणीही न लववता बघायचं ठरलं. थोड्या वेळाने मला जाणवलं, तो माझ्याकडेच बघतोय.

"बर्फाकडे बघायचं ठरलं होतं ना?"

"बघत होतो... मध्येच लक्ष गेलं."

मला हसू आलं. आम्ही पुन्हा समोर पाहिलं, तर रेघा उमटून गेल्या होत्या. एकमेकांकडे पाहण्याच्या तेवढ्या वेळात कुणीतरी माझा अख्खा नाच नाचून गेलं होतं.

निवडस्पर्धेला चार दिवस उरले, तेव्हा त्याने लपवलेली गोष्ट सांगितली. मी बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत तो एका कोपऱ्यातल्या रेघा हाताने पुसून टाकायचा. रेघा त्या कोपऱ्यापर्यंत जायच्या. शेवटच्या उडीसाठी पात्याचं टोक रुततं, ती खाच असायची. त्यापुढे काहीच नाही. उतरल्याची खूणच नाही.

"तिथे उडी मारू नकोस," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'अगं-तुगं'वर आला होता.

मी भडकले. त्या उडीशिवाय संघात जागा मिळणार नव्हती. घोटा मोडून आठ महिने घरी काढले होते, आणि पंचविशीनंतर पुढच्या वर्षाची आशा कुणी धरत नाही. तू तुझी इस्त्री कर, असं मी त्याला तोडून बोलले. तीन दिवस त्या बाकाकडे फिरकले नाही.

स्पर्धा त्याच बर्फावर झाली. सगळं छान चाललं होतं. शेवटच्या उडीकडे वळले आणि संगीतातूनही मला ऐकू आलं — माझ्या मागे दुसरं एक पातं, माझ्याच तालात. कोपरा जवळ आला. कठड्याच्या फाटकापाशी तो उभा होता, हातातली टोपी पिळत. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी उडी मारली नाही. साधं वळण घेऊन पुढे गेले. मागे टोक रुतल्याचा आवाज आला... आणि मग काहीच नाही. नाच संपेपर्यंत माझे कान त्या उतरण्याची वाट बघत होते.

मी चौथी आले. संघात तिघींनाच घेणार होते. ताईंनी त्यांचं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं.

तो कपडे बदलायच्या खोलीबाहेर मान खाली घालून उभा होता. माझ्यामुळे तुझं सगळं गेलं, असं पुटपुटला.

"तुझ्यामुळेच," मी म्हणाले. "पण तू सांगितलंस म्हणून नाही. मला बर्फावरून परत यायचं होतं... तू उभा होतास, त्या फाटकापाशी."

माझी बोटं गारठली होती, बुटांच्या नाड्या सुटत नव्हत्या. ते पाहून तो गुडघ्यावर बसला आणि एकेक गाठ सोडवू लागला.

"उद्यापासून मी इथे येणार नाही," मी म्हणाले.

त्याने मान वर केली.

"मग मीच येतो," तो म्हणाला. "कुठे येऊ, तेवढं सांग."