खडखडाट थांबला तेव्हा

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे. मामाने सांगितली तशी मामीनेही सांगितली, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या घरात. मी दोन्ही ताडून पाहिल्या. कुठेही फरक निघाला नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावी.

तारीख १२ डिसेंबर १९७१. रविवार. गाव जबलपूर. लढाई सुरू होऊन दहावा दिवस होता.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं.

मुरलीधरमामा लष्करी गाड्यांच्या कारखान्यात चार्जमन होता. त्याचं काम ऐकण्याचं. शिसवी लाकडाची हातभर काठी घ्यायची, एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं स्वतःच्या कानाला. आत कुठला दाता घासतो, कुठली बेअरिंग बसली, हे तो काठीतून ऐकून सांगायचा. लोक त्याला गमतीने ‘कान’ म्हणत. “कान को बुलाओ,” असा निरोप आला की मामा काठी घेऊन निघायचा.

कुंदामामीला तेव्हा नववा महिना होता. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “या वेळी एकही धक्का नको. रिक्षा नको, टांगा नको.” जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरापासून सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता लष्करी ट्रकांनी पार उखडला होता. हे मूल जगायला हवं होतं. दोघांच्या डोक्यात त्या दिवसांत दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून मामाने गाडी घेतली.

सिव्हिल लाइन्समधल्या भय्यासाहेबांची. जुनी, छोटी, विलायती. भय्यासाहेब निवृत्त अधिकारी, बंगल्यात एकटेच राहायचे. गाडी सुरू केली आणि मामा हसला. दारं, बॉनेट, मागची सीट, सगळं एकदम वाजत होतं.

“भांड्यांचं दुकान आहे ही,” मामा म्हणाला. “पण हरकत नाही. चासी ढिली आहे. आडव्या पट्ट्या टाकून कसून घेतो.”

भय्यासाहेबांनी चावी मुठीत धरली. मग म्हणाले, “खडखडू द्या ना तिला. काहून हात लावता? माझ्या मुलानेही मनावर घेतलं होतं.”

“मग?”

“मग काही नाही. ही चावी घ्या.”

फाटकाजवळ त्यांचा कुत्रा बांधलेला होता. अनोळखी माणूस पाहून तो साखळी ताणून भुंकायला लागला. मान झटकत होता, तोंड उघडत होता, मिटत होता...

आवाज येत नव्हता.

म्हातारा असेल, घसा बसला असेल, असं म्हणून मामा निघाला.

कारखान्यात चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, आडव्या बसवतात त्या लोखंडी पट्ट्यांना ब्रेस म्हणत. चार चाकं एकमेकांना घट्ट धरून राहतात, सांगाडा पिळत नाही, खडखड थांबते. मामाने मोजमाप घेऊन चार पट्ट्या केल्या. आणि बसवल्या कारखान्याच्या रीतीने. लढाईवर जाणाऱ्या ट्रकचा नट वाटेत सुटता कामा नये, म्हणून नट आवळला की बोल्टाच्या तोंडावर पंच, म्हणजे पोलादी टोचा, ठेवून घण मारायचा. तोंड पसरतं, आणि मग तो नट कुठल्याही पान्याने सुटत नाही. मामाच्या हाताला तीच सवय होती. घरच्या गाडीला त्याची काही गरज नव्हती, पण हे त्याच्या मनातही आलं नाही.

पहिली पट्टी बॉनेटखाली बसली. पुढची खडखड गेली. मामा खूश होऊन घरात आला.

मामी भिंतीकडे बघत होती.

“अहो, घड्याळ बंद पडलं काय?”

“चालून तर राहिलं.”

लंबक हलत होता, काटेही पुढे सरकत होते. फक्त टिकटिक नव्हती.

मामाने घड्याळ उतरवून तेल घातलं. टिकटिक काही आली नाही.

दुसरी पट्टी पाच तारखेला बसली, पायाखालच्या पत्र्याच्या खाली. दारांचा आवाज गेला. त्या संध्याकाळी शेजारची शकुवहिनी ओट्याशी बसली होती. मामी पोळ्या लाटत होती.

“काय भाऊजी,” शकुवहिनी हसून म्हणाली, “बायकोला बांगड्या काय रबराच्या घेतल्या? इतका वेळ लाटून राहिली, वाजल्याच नाहीत.”

मामीचे हात थांबले.

तिने मनगट हलवलं. काचेच्या डझनभर बांगड्या एकमेकींवर आपटल्या... आणि काहीच ऐकू आलं नाही.

शकुवहिनी उठून गेली. पुढे आठ दिवस ती आली नाही.

तिसरी पट्टी बुधवारी, मागच्या चाकांच्या मध्ये. गुरुवारी सकाळी मामीने स्टोव्ह पेटवला. पंप मारला. निळी ज्योत गोल उभी राहिली. पण नेहमीची ती फरफर, ज्यामुळे शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नसे...

नव्हती.

“तुम्ही पिन मारून बघा ना,” मामी म्हणाली. “मला भीती वाटून राहिली.”

मामाने पिन मारली, वायसर बदलला. मग म्हणाला, “ट्रकांचे आवाज ऐकून ऐकून माझे कान गेले असतील.”

“आणि माझे? मी कुठं ट्रक ऐकते?”

मामाने स्टोव्ह खाली ठेवला. चोवीस तासांत सोळा तास तो कारखान्यात होता. घड्याळ, बांगड्या आणि स्टोव्ह यांचा गाडीशी काय संबंध? कुणाच्याही डोक्यात आलं नसतं.

आणि गाडीत एकच आवाज उरला होता. मागच्या सीटखाली, बारीक टकटक. मामी जिथे बसणार, नेमकी तिथे.

रविवारी सकाळी मामाने चौथी पट्टी बसवली. दोन्ही टोकांना नट आवळले आणि घण मारून बोल्टांची तोंडं पसरली.

टकटक थांबली.

दुपारी दीड वाजता मामीला कळा सुरू झाल्या.

मामाने तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. चावी फिरवली. इंजिन सुरू झालेलं त्याला स्टिअरिंगच्या थरथरीवरून कळलं.

आवाज नव्हता... इंजिनाचासुद्धा.

गाडी लोण्यावरून सरकावी तशी निघाली. खड्डे येत होते, जात होते. मोठ्या रस्त्यावर एक बैलगाडी आडवी आली. मामाने हॉर्न दाबला. गाडीवानाने मान वळवली नाही. पुन्हा दाबला. तो तसाच विडी ओढत राहिला. मामाने गाडी बाजूला घातली आणि समोरून लष्करी ट्रकांचा तांडा आला. पहिला ट्रक हातभर अंतरावरून गेला. एवढा मोठा ट्रक, आणि आत त्याची घरघरही पोचली नाही.

“कुंदा, घाबरू नको, आलोच आपण,” मामा म्हणाला.

आपण बोललो हे त्याच्या फक्त घशाला कळलं. कानाला कळलं नाही.

त्याने आरशात पाहिलं.

मामी किंचाळत होती. मान मागे टाकलेली, गळ्याच्या शिरा ताठलेल्या. तोंड उघडत होतं, मिटत होतं...

भय्यासाहेबांचा कुत्रा.

मामा सांगायचा, “तेव्हा पहिल्यांदा ते सगळं एका ओळीत माझ्यासमोर उभं राहिलं.” पट्टी आणि घड्याळ. पट्टी आणि बांगड्या. पट्टी आणि स्टोव्ह. आणि चौथ्या पट्टीने काय नेलं, ते अजून कळायचं होतं.

दवाखान्यात मामीला स्ट्रेचरवर घेतलं. गाडीबाहेर येताच तिचं कण्हणं ऐकू आलं. नर्सने पोटावर लाकडी नळी ठेवली, कान लावला. नळी सरकवली, पुन्हा लावला. दारात उभ्या मामाकडे तिने पाहिलं आणि नजर फिरवली.

“क्या हुआ, सिस्टर?”

“भैया, बच्चा तो हिल रहा है,” ती हळूच म्हणाली. “पर धड़कन नहीं मिल रही. डॉक्टर को बुलाती हूँ.”

मामा तिथून पळाला.

गाडी आवारात उन्हात उभी होती. त्याने मागे जॅक लावला, गाडी उचलली आणि गाडीत ठेवलेली काठी घेऊन खाली शिरला. इंजिन बंद होतं. चौथ्या पट्टीला काठीचं टोक टेकवलं. दुसरं कानाला लावलं.

टिक... टिक... टिक...

त्याच्या घरातलं घड्याळ.

त्यामागे बांगड्यांची किणकिण, पोळ्या लाटतानाची. त्यामागे स्टोव्हची फरफर. आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीक, भराभर पडणारा ठोका.

मामाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीने मोजलं. मिनिटाला एकशे चाळीस.

पुन्हा मोजलं. एकशे दहा.

आणखी एकदा. शहाऐंशी.

त्याने पाना लावला. नट हलला नाही. हलणार नव्हताच. तोंड त्यानेच ठोकून पसरलं होतं. कुणालाही सुटू नये असं. त्याने हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायची करवत ओढली आणि पट्टीवर चालवायला सुरुवात केली.

कीस तोंडावर पडत होता. करवतीचा आवाज नव्हता. एक हात करवतीवर, एक हात कानाशी काठी धरून. ठोका बासष्ट झाला.

मग काठीतून दुसरंच काहीतरी ऐकू आलं.

श्वास. लांब, जाड. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कान लावून बसलं होतं... आणि मामाचं ऐकत होतं.

त्याच वेळी छातीवर काहीतरी टेकलं.

जॅक सरकत होता. वीतभर वर असलेली गाडी खाली येत होती. ना लोखंड करकरलं, ना खडी चुरली. काही वाजलं असतं तर त्याला आधीच कळलं असतं. आता इंधनाच्या टाकीचा पत्रा त्याच्या बरगड्यांवर होता. श्वास अर्धाच आत जात होता. बाहेर, चार पावलांवर, लोकांच्या चपला जाताना दिसत होत्या. मामा ओरडला. एकही चप्पल थांबली नाही.

काठी पडली होती. ठोका किती उरला ते कळायला मार्ग नव्हता.

त्याने करवत सोडली नाही. बोटभर जागेत, नखं सोलवटत, तो ओढत राहिला.

कट्!

पट्टी तुटली. ताणलेलं टोक उसळलं आणि मामाच्या गालावर हाडापर्यंत चीर पडली.

गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा. रस्त्यावर त्याने दाबला होता तितक्याच वेळा.

आणि मग त्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या मागच्या सीटवरून, पाऊण तासापूर्वीची मामीची किंकाळी आली. पूर्ण. शेवटपर्यंत.

आता चपला थांबल्या. लोक धावले, त्यांनी हातांनी गाडी उचलून मामाला ओढून काढलं. तो रक्ताने माखलेला, आवाराच्या मधोमध बसून वॉर्डच्या खिडकीकडे बघत होता.

काही मिनिटं गेली.

मग खिडकीतून मुलाचं रडणं ऐकू आलं. खणखणीत.

“लड़की हुई है, भैया,” नर्स सांगायला आली. “देखो, कैसी चिल्ला रही है.”

मामा म्हणायचा, आयुष्यात तो त्यानंतर कधी तसा रडला नाही.

त्याच आठवड्यात त्याने उरलेल्या तीन पट्ट्याही कापल्या. घड्याळ वाजू लागलं, बांगड्या वाजू लागल्या, स्टोव्ह फरफरू लागला. गाडी त्याने भंगारवाल्याला दिली, एकाच अटीवर. तोडायची, विकायची नाही. जानेवारीत तो विचारायला गेला. भंगारवाला जरा चाचरला.

“बाबूजी, एक लड़का ले गया. शौकीन था. बोला, थोड़ा खड़खड़ाती है, वो मैं खुद ठीक कर लूँगा.”

कोण, कुठला, कुणाला माहीत नव्हतं. मामाने पुढची कित्येक वर्षं शोधलं. भय्यासाहेबांच्या बंगल्यालाही कुलूप होतं.

शोधण्याचं कारण होतं.

मुलीचं नाव प्रतिमा ठेवलं. दीड महिन्यांची असताना तिला तपासायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. झटकून पुन्हा लावली. दुसरी नळी मागवली. मग बाळाचं मनगट धरलं. नाडी लागत होती, व्यवस्थित. बाळ हसत होतं.

“छातीत काहीच ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “असं होत नसतं.” बाकी सगळे आवाज परत आले होते, हा एकच गाडीबरोबर गेला होता.

प्रतिमाताई आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. शाळेत शिकवते, गाते, भांडते. यंत्रावर तिचं हृदय दिसतं, झडपा उघडताना आणि मिटताना दिसतात. पण आजवर एकाही डॉक्टरला तिचा ठोका ऐकू आलेला नाही. प्रत्येक जण आधी आपली नळी तपासतो. मी विज्ञान शिकले आहे. झडप मिटली की आवाज व्हायलाच हवा.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गोरखपूरला गेले होते. दुपारी दोघीच होतो. ती अचानक म्हणाली, “तू एकदा ऐकून बघ ना गं. डॉक्टरांवर माझा भरवसा नाही.”

मी तिच्या छातीवर कान टेकवला. गालाला धडधड लागत होती, एका लयीत, मिनिटाला बहात्तर.

कानाला काही नाही.

मी बराच वेळ तशीच राहिले. आणि मग, खूप लांबून आल्यासारखा... एक जाड, लांब श्वास.

तो तिचा नव्हता. तिने तर माझं उत्तर ऐकायला श्वास रोखून धरला होता.

“येतं का काही ऐकू?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “छान येतं.”