शहागडची बॅट

भारतला बॅटीतलं कळतं, हे अंकुशनगरात कुणीही सांगितलं असतं. साखर कारखान्यात तो फिटर होता, पण सुट्टी आली की अख्ख्या कॉलनीच्या बॅटा त्याच्या ओट्यावर दुरुस्तीला पडायच्या. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. अर्पिता म्हणजे त्याचा जीव की प्राण. जालन्याला मुलींच्या जिल्हा संघाची निवड ठरली आणि तिनं लेदर बॉलच्या बॅटीसाठी लकडा लावला. नवी बॅट तेल पाजून, ठोकून तयार करायला वेळ लागतो. तेवढा वेळ हाताशी नव्हता, म्हणून वापरलेलीच बघायचं ठरलं.

शहागडला हायवेच्या कडेला सोनूबाईंकडं एक बॅट आहे, असं कुणीतरी सांगितलं. भारत दुपारी गाडी काढून गेला. सोनूबाई दाराच्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस मोकळे, चूल थंड. पण या गड्याचं लक्ष होतं सगळं बॅटीकडं. स्टिकर निघालेलं, कंपनी कळत नव्हती. त्यानं बोटाच्या पेरानं पातं वाजवलं आणि कान लावला. आवाज भरीव आला. रंग फिका, रेषा वरपासून खालपर्यंत सरळ. अस्सल इंग्लिश विलोचं लाकूड. फक्त खालचा एक कोपरा झिजलेला. उभं राहून बॅट जमिनीवर टेकवत राहिलं की कोपरा झिजतोच, पण हा कोपरा उजव्या हाताच्या खेळाडूचा नव्हता.

“डावरं खेळायचं का कुणी?”

“लेक माझा.”

“आता खेळत न्हाई?”

“न्हाई.”

भारतनं जास्त खोदून विचारलं नाही. व्यवहार झाला. बॅट काखेत मारून तो उठला. “बरं मावशी, येतो.”

सोनूबाईंनी मान वर केली. त्याच्याकडं नाही, बॅटीकडं पाहिलं.

“ये,” त्या म्हणाल्या.

परक्या माणसाला ‘या’ म्हणतात. त्याला ते जरा खटकलं.

हायवेवरचा चहावाला बॅट बघून म्हणाला, “सोनूबाईकडून आलात व्हय? पोरगं ट्रकखाली गेलं हो तिचं. परवाच दहावा झाला.”

भारतच्या हातातला चहा तसाच निवला. दुखवट्याच्या घरातून माणूस मुकाट उठतो. ‘येतो’ म्हणत नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपल्याला कुठं माहीत होतं, असं त्यानं स्वतःला समजावलं, पण जिवाला लागलं ते लागलंच. बॅट परत द्यावी असंही मनात आलं. मग पोरीचं तोंड डोळ्यांपुढं आलं आणि त्यानं गाडीला किक मारली.

घरी त्यानं पॉलिश पेपरनं पातं घासलं. झिजलेल्या कोपऱ्याच्या बरोबरीनं दुसराही घासून दोन्ही सारखे गोल केले. जवसाच्या तेलाचा हलका हात दिला आणि बॅट आडवी ठेवली. मग लाकडी हातोडीनं कडा हळूहळू ठोकल्या. हे काम त्याच्या आवडीचं होतं. ठोकता ठोकता तो शहागड विसरूनही गेला.

सकाळी बघतो तर तोच कोपरा पुन्हा झिजलेला. बॅटीला कुणी हात लावला नव्हता.

त्यानं परत घासलं. परत तेच झालं.

संध्याकाळी अर्पिता अंगणात बॅट घेऊन उभी राहिली. डावरी.

“अगं, हे काय? तू उजवी खेळतेस ना?”

“मी असाच खेळून राह्यलो की पहिल्यापासून.”

“राह्यलो काय? राह्यले म्हण.”

ती हसली नाही. बॅटीचा कोपरा जमिनीवर टेकवत राहिली. टक, टक. भारतनं हात पुढं केला.

“ती बॅट आण इकडं. परत देऊन येतो.”

तिनं बॅट छातीशी धरली. “सिलेक्शन होऊ द्या. मंग न्या.”

तो भ्याला होता, अगदी मनातून भ्याला होता. पण निवडीसाठी पोरीनं रात्रीचा दिवस केलेला त्यानं पाहिला होता. त्याला तिचं मन मोडवेना.

निवडीच्या दिवशी कारखान्यात मशीन बंद पडलं, त्याला सुट्टी मिळाली नाही. अर्पिता कॉलनीतल्या राजनंदिनीबरोबर एसटीनं निघाली. रोज ‘पप्पा, येते’ म्हणून गळ्यात पडणारी पोर त्या दिवशी दारातून मुकाट उतरली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी तिच्या क्रिकेटच्या सरांचा फोन आला. पोरगी काय खेळली म्हणून सांगू! निवड झाली होती. भारतनं पेढे आणले आणि फाट्यावर जाऊन थांबला.

एसटीतून राजनंदिनी एकटीच उतरली.

“काका, ती उतरतच न्हाई. तिनं शहागडचं तिकीट काढलंय.”

एसटी तोवर निघाली होती.

भारतनं गाडी कशी चालवली, त्याचं त्याला माहीत.

सोनूबाईंच्या घरातून फोडणीचा वास येत होता. चूल पेटली होती.

“अर्पिता!”

ती दारात आली. केस ओले, नुकतीच आंघोळ केलेली. त्याला तिनं खालीवर न्याहाळलं, ओळख लागत नसल्यागत. मग आठवलं असावं. अदबीनं बाजूला सरून तिनं सतरंजी अंथरली.

“बसा काका,” ती म्हणाली आणि आत वळून हाक मारली, “आई, बॅट घेऊन गेल्ते ना, ते पाव्हणे आलेत.”